पोकळ चिंबोरी

शिवडीच्या पुलासाठी ड्रिलवाल्यांनी काढलेली माती
माझ्याकडे पेट्यांतून येते. लांबट पत्र्याच्या पेट्या,
आत पाच-पाच खण, खणांत मातीच्या कांड्या,
प्रत्येकीवर ऑइलपेंटने खोली: सात मीटर, आठ मीटर.
पुलाचे पाय रोवायला दगड किती खाली,
एवढंच त्यांना हवं असतं.
दगड लागला की वरची माती कुणाचीच नसते.
म्हणून ती माझी.

रात्रभर भिजत घालते, डाळीसारखी.
सकाळी चाळणीत धुते, चिखल मोरीतून जातो,
उरतं ते सुकवून सूक्ष्मदर्शकाखाली पसरते
आणि ओल्या कुंचल्याच्या टोकाने टिपत बसते शिंपले.
शिंपले म्हणायचे, पण आत कालव नव्हतं कधी.
आत होती कोळंबीची दूरची भावंडं,
राईहून बारीक, दोन झडपांच्या दारामागे
पाय दुमडून बसलेली.

कवच गुळगुळीत, पातळ, तर गोडं पाणी, तळं.
जाड, जाळीदार, कडेला दातेरी,
तर समुद्राचा हात लागलेला.
आणि ही आयुष्यात आठ वेळा कवच टाकतात.
पहिल्यापासूनचे सगळे झगे एकाच जागी सापडले
तर पाणी संथ होतं.
नुसते मोठ्यांचे सापडले
तर ओढ होती पाण्याला, पोरं वाहून गेली.

वरळीच्या टेकडीतला एक काळा तुकडा
माझ्या टेबलावर असतो, दोन लाव्ह्यांच्या मधल्या थराचा.
त्यातही हीच मंडळी, गुळगुळीत.
लोक विचारतात, म्हणजे तेव्हाही इथे समुद्र?
नाही. तेव्हा डबकं. बेडूक होते, कासवं होती.
या शहरात समुद्रसुद्धा बाहेरून आलेला आहे.

तर मार्चमध्ये, आठ मीटर चाळीसच्या कांडीत
चाळणीला काहीतरी खटकन लागलं.
लिंबाएवढा चुनखडीचा गोळा, एका बाजूने फुटलेला,
आणि त्यातून वर आलेली पाठ, दुमडलेले पाय,
उजवीपेक्षा मोठी डावी नांगी.
सर अहवालासाठी फोटो काढून गेले.
मी गोळा रुमालात बांधून एका रात्रीसाठी घरी नेला.
नियमात बसत नाही.

आमचे बाबा, हरेश्वर भांजी,
पंचेचाळीस वर्षं खाडीत उभे राहिलेले,
आता दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू.
मी काही सांगितलं नाही, हातावर ठेवलं.
त्यांनी बाजारात उचलतात तशी उचलली,
वजन जोखलं, उलटी केली,
पाठीच्या मागल्या कडेवरून अंगठा फिरवला.
"पोकल हाय."
दगड आहे, बाबा.
"आसूं दे दगर. मागसून उघारलेली हाय.
मेली नाय ही, निंगून गेली."

दुसऱ्या दिवशी भिंगाखाली पाहिलं.
पाठ आणि पोट यांच्या मध्ये केसाएवढी फट,
तिच्यात भरलेला निळसर गाळ.
कात.
म्हणजे पाणी इतकं निवांत
की टाकलेल्या अंगरख्याची बाहीही हलली नाही,
वर बसत गेला गाळ, कांदळवनाची कुजकी पानं,
आणि ती जवळच कुठे तरी बिळात,
उघडी, मऊ,
नवं कवच घट्ट व्हायची वाट बघत.
मऊ असताना चिंबोरी कुणाशी भांडत नाही.

अहवालात रकाना असतो: प्राचीन पर्यावरण.
मी लिहिलं: खाडीमुख, भरती-ओहोटीचा चिखल,
मचूळ पाणी, संथ.
सरांनी 'संथ'ला आधार विचारला.
मी फट दाखवली.
अंगठ्याचं नाव लिहायला रकाना नाही.

संध्याकाळी बाबांनी एवढंच विचारलं,
"पुनव होती काय त्या रातीला?"
ते कळत नाही, बाबा. वर्षं कळतात, हजारांनी.
रात्र कळत नाही.
"मंग काय कललं तुमाला,"
म्हणाले, आणि ताट पुढे ओढलं.

पुढची पेटी आली आहे. अकरा मीटर.
तीत माती नाहीच, नुसता काळा दगड,
आणि त्याच्यावर ड्रिलवाल्याने खडूने केलेली
बरोबरची खूण.